फेब्रुवारीअखेरच्या जागा

बाबा गेले तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते नागपूरच्या कस्टमच्या ऑफिसात कारकून होते. त्यांच्यामागे आठ महिन्यांनी त्याच ऑफिसात मला कनिष्ठ कारकुनाची नोकरी मिळाली. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. घरात आई, मी आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. गोकुळपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून मी सायकलने सिव्हिल लाइन्सला जायची.

नागपूरला ना समुद्र ना सरहद्द, मग इथे कस्टम कशाला, असं लोक विचारायचे. पण चोरटं सोनं, चांदीच्या विटा, परदेशी घड्याळं आणि कापड असा सगळा माल रेल्वेनं इथूनच चारी दिशांना जायचा. पकडलेला माल ऑफिसच्या मागच्या गोदामात राहायचा आणि त्यावर सिपायांचा पहारा असायचा.

मला आस्थापना शाखेत बसवलं. म्हणजे माणसांची कामं: कोणाची वेतनवाढ कधी, कोणाची रजा किती, पगाराचं बिल कसं. शाखेचे प्रमुख बडे बाबू. बाबांच्या बरोबरीचे, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे, आवाज न चढवता माणसाला घाम फोडणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक जाड रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं.

"हे मंजूर जागांचं रजिस्टर. लाल शाईनं लिहिल्या त्या कायम जागा. निळ्या शाईतल्या तात्पुरत्या. तात्पुरत्या जागेचं आयुष्य फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. दरवर्षी दिल्लीहून मुदतवाढीचा हुकूम आला तर एक मार्चपासून पगार निघते. नाही आला तर ट्रेझरीवाला बिल परत फेकते. समजलं?"

मी मान हलवली आणि विचारलं, "माझी जागा कोणती, बडे बाबू?"

त्यांनी बोटानं निळी ओळ दाखवली.

त्या दिवसापासून माझ्या पोटात भीती राहायला आली. बाबांची जागा कायम होती, ती दुसऱ्याला गेली. मला मिळाली ती तात्पुरती. त्यात मी परिवीक्षेवर, म्हणजे अजून पारखणीच्या काळात. तात्पुरत्या नोकराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, कारण न सांगता काढता येतं, हा नियम मी स्वतः पुस्तकात वाचला. घरी आईला मात्र "सरकारी नोकरी आहे, काही चिंता नाही" असंच सांगितलं होतं.

आमच्या ऑफिसात अशा तात्पुरत्या जागा अकरा होत्या. नोव्हेंबरात त्यांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव तयार करून वर पाठवायचा असे. कोणती जागा, किती, कोणत्या कामासाठी, याचा तक्ता इंग्रजीत टाइप करायचा. त्या वर्षी वातावरण चांगलं नव्हतं. खर्चात काटकसर करा, नवीन जागा भरू नका, जुन्यांचं समर्थन द्या, अशी पत्रं एकामागून एक येत होती. तक्ता टाइप करायला माझ्याकडे आला तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलेसुद्धा नाही. मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून पाहून टाइप करायचं होतं. पहिलं पान संपून दुसरं सुरू होताच सगळ्यात वर माझी ओळ होती: कनिष्ठ कारकून, एक. ती ओळ मी तीनदा तपासली. एकेक अक्षर पाहिलं. मग खाली बेरीज केली, बडे बाबूंनी छोटी सही केली, साहेबांनी मोठी, आणि कागद गेले.

फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारच्या टपालात हुकूम आला. टपाल मीच फोडायची. मंजूर, असा शब्द दिसताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी रजिस्टर उघडून एकेक जागा टिक करायला लागले. नऊ झाल्या आणि हुकूम संपला.

पुन्हा मोजल्या. नऊच. गोदामावरच्या पहाऱ्याच्या दोन सिपायांच्या जागा त्यात नव्हत्या.

दिल्लीनं कापल्या, हाच पहिला विचार मनात आला. पण हुकुमात कापल्याचा काहीच उल्लेख नव्हता. "आपल्या प्रस्तावातील सर्व जागांना" असं लिहिलं होतं. सर्व. मी कपाटातून फाइल काढली, आमच्या प्रस्तावाची कार्बन कॉपी शोधली. तिच्याशेजारी मागच्या वर्षीचा तक्ता धरला. मागच्या वर्षीच्या पहिल्या पानाची शेवटची ओळ होती: सिपाही, गोदाम पहारा, दोन. माझ्या पहिल्या पानावर ती नव्हती. दुसऱ्या पानावरही नव्हती. पान बदलताना माझी नजर खालच्या ओळीवरून उडून थेट माझ्या स्वतःच्या ओळीवर गेली होती. बेरीज बरोबर होती, कारण मी टाइप केलेल्या जागांचीच मी बेरीज केली होती.

फाइलची नाडी मला बांधता येईना. शाखेत आणखी कोणी नव्हतं. बडे बाबू साहेबांकडे गेले होते. मी ती कार्बन कॉपी फाइलमधून काढली, चौपदरी घडी केली आणि डब्याच्या पिशवीत तळाशी घातली.

मी सायकलने घरी निघाले. चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस माझ्याकडेच पाहतो आहे असं वाटलं. सरकारी कागद फाइलमधून पळवणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. एका चुकीवर मी आता गुन्हा चढवला होता.

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी हुकूम वाचला, रजिस्टर पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "दोन जागा मारल्या दिल्लीनं. मले वाटलंच होतं. काटकसर!" त्यांनी फाइल मागितली नाही. कोणीच मागितली नाही. ऑफिसभर बातमी पसरली की दिल्लीनं दोन सिपाही उडवले, आणि सगळ्यांनी दिल्लीला शिव्या दिल्या. मी मान खाली घालून ऐकत होते. मी गप्प बसले तर कोणाला कधीच कळणार नाही, हे मला त्याच क्षणी समजलं, आणि त्याची मला चुकीपेक्षाही जास्त भीती वाटली.

जागा कमी झाल्या की सगळ्यात शेवटी लागलेले आधी जातात. सिपायांच्या यादीत शेवटचे दोघं होते. एक चोविसेक वर्षांचा पोरगेला सिपाही, सावनेरकडचा, वर्षभरापूर्वी लागलेला. दुसरे फौजेतून सुटून आलेले, चाळिशी उलटलेले. नोकरीत नवे म्हणून कनिष्ठ. आम्ही सगळे त्यांना फौजीकाका म्हणायचो. येता-जाता ते "जयभीम, बाई" म्हणून कडक उभे राहायचे. पगाराच्या दिवशी रोखपालासोबत ट्रेझरीतून रोकड आणायला तेच जायचे.

त्या दोघांच्या नोटिसा टाइप करायच्या होत्या. आस्थापना शाखेचं काम, म्हणजे माझंच.

मी त्या टाइप केल्या. प्रत्येक शब्द तपासून केल्या. या वेळी एकही ओळ गळली नाही.

पोरगेल्या सिपायानं नोटीस घेतली, सही केली आणि निघून गेला. फौजीकाका मात्र माझ्या टेबलापाशी उभे राहिले. कागद दोन्ही हातांनी धरला होता.

"बाई, हे इंग्रजीत हाय. मराठीत सांगता का?"

मी सांगितलं. एक मार्चपासून जागेला मंजुरी नाही, म्हणून सेवा समाप्त होईल.

"कारण कुठी लिवलं हाय?"

"कारण देत नाहीत, काका. तात्पुरत्या नोकरीत नियमच तसा आहे."

"मंग माह्या कामात काई खोट नाई ना? तेवढंच इचारतो. घरी गेलो तं पोरी इचारतीन, बाबा, तुमी काय केलं म्हून काढलं. त्याइले काय सांगू?"

"तुम्ही काहीच केलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "काय म्हणता?" मग मी जरा मोठ्यानं म्हणाले, "तुमची काही चूक नाही."

ते "बरं" म्हणाले, कागदाची घडी केली, खिशात ठेवला आणि गोदामाकडे पहाऱ्याला गेले. अजून दहा दिवस बाकी होते ना.

त्याच दुपारी बडे बाबूंपुढे जाऊन मी सगळं सांगितलं. ओळ गळाल्याचं आणि कॉपी घरी नेल्याचंही. बोलताना मी त्यांच्या टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

ते रागावतील, ओरडतील, असं वाटलं होतं. ते पांढरेफटक पडले. उठून त्यांनी शाखेचं दार लोटलं.

"अन् सही माही हाय त्याच्यावर," ते हळूच म्हणाले. "मी तपासलं नाही. तुह्या बापाची पोरगी म्हणून तुह्यावर भरोसा ठेवला." मग खुर्चीत बसले. "माह्या पेन्शनले सव्वा वर्ष राहिलं. तू एक काम कर. कोणाले बोलू नको. जागा दिल्लीच्या नावावर गेल्या, जाऊ दे. कॉपी चुलीत घाल."

"पण बडे बाबू, ते दोघं..."

"अन् तू? लोक काय म्हणतीन माहीत आहे? बाईनं स्वतःची ओळ बरोब्बर ठेवली अन् गरीब सिपायांची गाळली. कोणी मानणार नाही की चुकून झालं. परिवीक्षेवर आहेस. एका कागदात बाहेर जाशील."

हे मला सुचलंच नव्हतं. मुद्दाम केलं असंही कोणी म्हणू शकेल.

घरी आले तर आई अंगणात पाटावर बसलेली, मांडीवर माझी डब्याची पिशवी आणि हातात तो कागद. पिशवी धुवायला काढली होती तिनं.

"हे काय वं? ऑफिसचा कागद घरी काहून आणला?"

मी सांगितलं. बहीण शेजारी खेळायला गेली होती म्हणून बरं. आईनं कागद उलगडून धरला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं कागदावर बोट ठेवून विचारलं, "तुही ओळ कोणती?"

मी दाखवली.

"अन् त्यांची कुठं पाहिजेन होती?"

मी माझ्या ओळीच्या आधीची, पहिल्या पानाच्या तळाची कोरी जागा दाखवली. आईनं कागदाची घडी केली. मला वाटलं ती म्हणेल, चुलीत घाल. तिनं तसंच म्हणावं असं मला वाटत होतं. मग मला ठरवावं लागलं नसतं. पण ती म्हणाली, "मले भेव वाटून राहिलं. लय भेव वाटून राहिलं. नोकरी गेली तर आपण कोणाच्या दारी जाऊ?" आणि थोड्या वेळानं, "पण चुलीत मी नाही घालणार. तुले घालायचा तर तू घाल." ती उठून आत गेली आणि रोजच्यासारखी कणीक मळायला बसली.

सकाळी मी कॉपी घेऊन ऑफिसला गेले. बडे बाबू यायच्या आधी शाखेतून मागच्या वर्षीचा तक्ता घेतला आणि सरळ साहेबांच्या खोलीबाहेर उभी राहिले. साहेब दक्षिणेकडचे, मोडकी हिंदी बोलणारे. आत गेल्यावर मी कॉपी आणि मागच्या वर्षीचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि कुठे काय गळलं ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"टाइप किसने किया?"

"मैंने, सर."

"यह कॉपी फाइल में क्यों नहीं है?"

"मैं घर ले गई थी, सर. डर के मारे."

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग विचारलं, "और किस किस को मालूम है?"

इथे मी खोटं बोलले. म्हणाले, "किसी को नहीं." बडे बाबूंचं नाव मी घेतलं नाही. ते कृतज्ञतेनं नव्हे, धीर उरला नव्हता म्हणून.

साहेबांनी स्टेनोला बोलावून दिल्लीला तार सांगितली: कारकुनी चुकीनं दोन जागा राहिल्या, मंजुरी मागील तारखेपासून मिळावी. मग मला म्हणाले की नोटिसा परत घ्या, दोघांना कामावर राहू द्या, जबाबदारी मी घेतो. पण हुकूम येईपर्यंत ट्रेझरी पगार देणार नाही, हे त्यांना साफ सांगा. आणि तुमचं लेखी स्पष्टीकरण आजच पाहिजे.

त्या दोघांना सांगायला मीच गेले. चूक कोणाची हे मी सांगितलं नाही. फक्त कागदात काही राहिलं होतं, दिल्लीला तार गेली आहे, असं म्हणाले. फौजीकाकांनी विचारलं, "पगार कधी?" मी म्हणाले, "सांगता येत नाही." ते म्हणाले, "चालते. काम तं हाय ना." पोरगेला सिपाही पुन्हा पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला.

मार्चचा पगार झाला तेव्हा त्या दोघांची नावं बिलात नव्हती. मी रोज टपालाच्या वेळी दाराकडे पाहत बसायची. मला स्वतःला माझ्या स्पष्टीकरणावर कोणतं उत्तर येतं याची भीती होतीच. पण गोदामाकडची खिडकी उघडायचीही भीती वाटे, कारण तिथे फौजीकाका बिनपगारी पहारा देत उभे दिसत. त्यांच्या बुटांना रोजच्यासारखी चकाकी असे. बडे बाबू माझ्याशी कामापुरतं, तेही भिंतीकडे पाहून बोलत. साहेबांनी त्यांनाही लेखी ताकीद दिली होती, न तपासता सही केल्याबद्दल. त्यांना वाटलं, मीच त्यांचं नाव सांगितलं. मी कधी खुलासा केला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोरगेला सिपाही यायचा बंद झाला. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत लागला, असं कळलं. एप्रिल संपता संपता दिल्लीचा हुकूम आला. दोन्ही जागा, एक मार्चपासून. फौजीकाकांना थकलेला पगार एकदम मिळाला. मोजताना त्यांनी नोटांना थुंकी लावली नाही, बोट पाण्यात बुडवून मोजल्या, आणि मला म्हणाले, "पाहा बाई, सरकार उशीर करते पण देते." मी तिथून उठून गेले.

माझी एक वेतनवाढ वर्षभर रोखली आणि सेवापुस्तकात शेरा आला. नोकरी राहिली. आईला शेऱ्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "राहिली ना?" आणि देवापुढे साखर ठेवली.

पोरगेल्या सिपायाचे मार्चचे आणि एप्रिलच्या चार दिवसांचे पैसे उरले होते. गावच्या पत्त्यावर पाठवलेली मनीऑर्डर परत आली. फौजीकाकांच्या नावानं पैसे उचलण्याचं अधिकारपत्र त्यानं सही करून दिलं तर काम होणार होतं. फौजीकाका म्हणाले, मी रविवारी जाऊन येतो. मी म्हणाले, मीही येते. का म्हणाले कोण जाणे. एस.टी.त मी खिडकीकडे बसले. तो मला दारातून हाकलून देईल, सगळ्या गल्लीसमोर बोलेल, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

त्याची खोली खाणीच्या वस्तीत होती. तो पाळीवरून येऊन नुकताच नाहून बसला होता. पापण्यांच्या कडांना अजून कोळसा होता. त्यानं आम्हाला खाटेवर बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी अधिकारपत्र काढलं, कुठे सही करायची ते दाखवलं. त्यानं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. मग पेन परत देताना विचारलं, "बाई, तो कागद तुमीच टाइप केला व्हता का? लोक म्हणत व्हते."

फौजीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

"हो," मी म्हणाले. "मीच. एक ओळ राहिली माझ्याकडून."

त्यानं सही केलेला कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मले तं वाटलं, दिल्लीत कोणीतरी बसून माहं नाव पाह्यलं अन् काटलं. म्या लय इचार केला, माहं काय चुकलं म्हून. मायले बी सांगितलं नाई." तो हसला नाही, रागावलाही नाही. "ओळ राह्यली व्हती तं मंग."

बायकोनं चहा आणून ठेवला. मी कप हातात घेतला. माफ करा, एवढे दोन शब्द मी सावनेरपर्यंत घोकत आले होते. ते तोंडातून निघाले नाहीत. फौजीकाका त्याच्याशी पाळी, पगार, पाणी कुठून भरता, असं बोलत राहिले. तिथं पाळीला जास्त मिळतं, पण खाली उतरताना भेव वाटते, असं तो म्हणाला.

परतीच्या एस.टी.त फौजीकाका म्हणाले, "पोरगा बरा हाय." मी हो म्हणाले. सीताबर्डीला उतरेपर्यंत मी पिशवीतलं अधिकारपत्र दोनदा काढून पाहिलं, सही जागेवर आहे ना.